सुसंस्कृत कोणाला म्हणावे?





आजचा विषय मांडण्याआधी मला माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्यासमोर ठेवायची आहे. ती ठेवली नाही, तर पुढचे सारे बोलणे पोपटपंची ठरेल.

बेंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा आहे. आनेकल तालुक्यातली ही मोठी औद्योगिक वसाहत. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, तिचे एक टोक इथे आहे. आमचा रविवारचा सत्संग इथेच, एका साधकाच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतील संगणक क्षेत्रातली मंडळी येतात, माझ्यासारखे निवृत्त लोक येतात आणि कारखान्यांत काम करणारे निपाणी, अथणी, सोलापूरकडचे बांधवही येतात.

त्यांच्यात निपाणीकडचे एक बंधू आहेत. लेथवर काम करतात. त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो. त्यांचा आवाज खडा आणि वरच्या पट्टीचा. चाल गावाकडच्या भजनी मंडळाची, शब्दांवर कानडीची छटा. रंगात आले की सूर थोडा चढतो. सत्संगाची सुरुवात वर्षानुवर्षे त्यांच्याच अभंगाने होत आली आहे.

माझे बालपण मिरजेचे. गाण्याच्या परीक्षा देत विशारद झाले. त्यामुळे सत्संगातला गाण्याचा भाग आपोआप माझ्याकडे आला. एका आषाढी एकादशीला आम्ही एका तयार तरुण गायिकेला बोलावले होते. शहरातून काही जाणकार पाहुणेही येणार होते. दादा रात्रपाळी संपवून, घरी जाऊन, आंघोळ करून आले. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, पिशवीत टाळ, आणि सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. ते नेहमीप्रमाणे पुढे बसायला निघाले, तेव्हा मी म्हटले, "दादा, आज जरा शास्त्रीय अंगाचा कार्यक्रम आहे. पाहुणे जाणकार आहेत. आज तुम्ही टाळ धरा."

"बरं अक्का," ते म्हणाले.

अडीच तास त्यांनी मागे बसून टाळ धरला. एकदाही लय सुटली नाही. कार्यक्रम उत्तम झाला, पाहुण्यांनी माझे कौतुक केले. पुढच्या रविवारी दादा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कोणी म्हणाले, पाळी बदलली असेल. मला ते लगेच पटले, कारण ते पटणे माझ्या सोयीचे होते.

साधकहो, माझ्या बोलण्यात एकही शब्द कठोर नव्हता हे लक्षात घ्या. शिकलेली माणसे कोणाचा अपमान करतात, तेव्हा बहुधा आवाज चढवत नाहीत.

समाधीच्या मागे गाणारी स्त्री

काही महिने गेले. एका रविवारी मला बेंगळुरू नागरत्नम्मा यांच्यावर बोलायचे होते. विषय मीच निवडला होता. ज्या शहरात आपण राहतो, त्या शहराचे नाव आयुष्यभर आपल्या नावाबरोबर वागवणाऱ्या या स्त्रीची ओळख मराठी साधकांना व्हावी, एवढाच हेतू होता. तिची कथा आपणही ऐका, कारण मला माझी चूक तिच्या कथेने दाखवली.

नागरत्नम्मांचा जन्म १८७८ साली म्हैसूरजवळच्या नंजनगूडला, देवदासी परंपरेतल्या घरात झाला. आईने, पुट्टलक्ष्मीने, मोठ्या कष्टाने मुलीला शिकवले. संस्कृत, कन्नड, तेलुगू या भाषा, आणि गाणे. बेंगळुरूत त्यांच्या गळ्यावर संस्कार झाले, पुढे मद्रासला त्यांनी मोठे नाव आणि धन मिळवले. ज्या काळात घरंदाज म्हणवणाऱ्या स्त्रियांना अक्षरओळखही दुर्मीळ होती, त्या काळात ही बाई जुन्या पोथ्या पडताळून पाहत होती.

इथे मराठी माणसाशी एक धागा जुळतो. १६३८ मध्ये बेंगळुरू विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांकडे जहागिरीत गेले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी पुढे तंजावरला मराठी राज्य स्थापले. त्या घराण्यातील प्रतापसिंह राजांच्या दरबारात, अठराव्या शतकात, मुद्दुपळणी नावाची विदुषी होती. तिने राधा-कृष्णावर 'राधिका सांत्वनमु' हे तेलुगू शृंगारकाव्य लिहिले. नागरत्नम्मांच्या हाती या काव्याची छापील प्रत आली, पण तिच्यातले काही भाग गाळलेले होते. त्यांनी मूळ हस्तलिखित मिळवले आणि १९१० साली पूर्ण काव्य प्रसिद्ध केले.

त्यावर गदारोळ झाला. तेलुगू साहित्यातल्या एका थोर सुधारकांनी आधीच या कवयित्रीवर कठोर टीका केली होती: असे शब्द स्त्रीच्या तोंडी शोभत नाहीत. नागरत्नम्मांनी शांतपणे विचारले की हा संकोच फक्त स्त्रियांसाठीच आहे काय? त्याच तऱ्हेचे, किंबहुना अधिक उघडे, पुरुष कवींनी लिहिले तेव्हा त्याला काव्य म्हटले गेले, हे त्यांनी दाखवून दिले. उपयोग झाला नाही. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उठायला १९४७ साल उजाडावे लागले.

आता पुढचा प्रसंग. संत त्यागराज (१७६७–१८४७) यांची समाधी तंजावरजवळ तिरुवैयारू येथे कावेरीच्या काठी आहे. नागरत्नम्मांना त्यांच्या गुरूंकडून कळले की ती समाधी मोडकळीला आली आहे, भोवती रान माजले आहे. त्या तिथे गेल्या. जागा मिळवली, साफ केली, स्वतःची कमाई ओतली. १९२१ मध्ये बांधकामाला आरंभ झाला आणि १९२५ मध्ये तिथे त्यांनी उभारलेल्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली.

आणि त्याच समाधीपुढे, त्यागराजांच्या आराधना उत्सवात, स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. उत्सव चालवणाऱ्या गायक मंडळींचे गट होते, त्यांच्यात आपसांत भांडणेही होती. मात्र स्त्रीने, त्यातही देवदासी घरातल्या स्त्रीने, समाधीपुढे गायचे नाही यावर त्यांचे एकमत होते. मंदिर तिने बांधावे, गाणे त्यांनी गावे!

नागरत्नम्मांनी काय केले? मंदिर मी बांधले आहे, तुम्ही बाहेर व्हा, असे म्हणून कुलूप ठोकले नाही. १९२७ पासून त्यांनी स्त्री कलावंतांना जमवून वेगळी आराधना सुरू केली. पुरुषांचे गायन समाधीच्या पुढे चाले, स्त्रियांचे मागच्या बाजूला. वर्षामागून वर्षे त्या मागे बसून गायल्या. न्याय मागायचेही त्यांनी सोडले नाही, अर्ज-विनंत्या चालूच ठेवल्या. अखेर १९४० च्या सुमारास सारे गट एक झाले आणि समाधीपुढे स्त्रियांचाही स्वर उमटला. १९५२ साली नागरत्नम्मांनी तिरुवैयारूलाच देह ठेवला. आज त्यांची मूर्ती त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून, हात जोडून बसलेली आहे.

हे मी सत्संगात सांगत होते. "ज्यांनी तिला मागे बसवले, त्यांना संगीताचे काय कमी ज्ञान होते?" असे वाक्य मी मोठ्या आवेशात उच्चारले. आणि त्याच क्षणी मला माझाच आवाज ऐकू आला, "आज तुम्ही टाळ धरा." मी पुढचे बोलू शकले नाही. पाणी प्यायले, वेळ संपल्याचे निमित्त केले आणि प्रार्थना घेतली.

ज्ञानाच्या यादीतले पहिले दोन गुण

घरी येऊन मी गीतेचा तेरावा अध्याय उघडला. या अध्यायात भगवंत ज्ञान म्हणजे काय ते सांगतात. वाटते की आता शास्त्रांची आणि विद्यांची नावे येतील. येतात ते गुण. आणि त्यांतले पहिले दोन आहेत अमानित्व आणि अदंभित्व. मानाची हाव नसणे आणि दिखावा नसणे. अहिंसा, क्षमा, शौच हे सारे त्यांच्यानंतर येतात. ज्ञानेश्वर माउलींनी अमानित्वावर किती तरी ओव्या खर्च केल्या आहेत. असा माणूस स्तुती ऐकून गुदमरतो आणि आपले जाणतेपण लोकांच्या नजरेआड ठेवू पाहतो, असे ते रंगवतात.

कलेच्या क्षेत्रात हे दोन शत्रू कसे वावरतात, ते पाहू.

मान म्हणजे, जाणकारांत माझी गणना व्हावी ही इच्छा. ती पुरी व्हायची तर कोणीतरी अजाण ठरावा लागतो. सगळेच जाणकार झाले तर माझ्या जाणतेपणाला किंमत कसली? म्हणून मग रेघा ओढल्या जातात. हे शास्त्रीय, ते सुगम. ही कला, ती नुसती कारागिरी. हे अभिजात, ते गावठी. रेघ ओढणारा स्वतः नेहमी वरच्या बाजूला उभा असतो.

दंभ म्हणजे, जे जाणवले नाही ते जाणवल्याचे दाखवणे. मैफलीत समेवर 'वा' म्हणण्याआधी आपण शेजाऱ्याकडे पाहतो की नाही? चित्रप्रदर्शनात चित्रापेक्षा खालची पाटी आधी वाचतो की नाही? मी वाचते. चित्रकाराचे नाव मोठे असेल तर दोन पावले मागे जाऊन मान तिरकी करते. नाव माहीत नसेल तर पुढे सरकते.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे. नजर कलेवरून उठून माणसांवर गेलेली असते. मी कोणाच्या वर आहे, मला कोण पाहते आहे.

आता आपले रसशास्त्र काय सांगते ते आठवा. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर लिहिताना आचार्य अभिनवगुप्तांनी, सुमारे हजार वर्षांपूर्वी, 'सहृदय' या शब्दाला मोठा अर्थ दिला. कलाकृतीशी ज्याचे हृदय एकरूप होते तो सहृदय. रस अनुभवताना 'हे माझे', 'हे परक्याचे' ही भावना गळून पडते, त्या घटकेपुरता माणूस आपल्या क्षुद्र मर्यादांतून सुटतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणून आपल्याकडे काव्यानंदाची तुलना ब्रह्मानंदाशी करण्याचे धाडस झाले.

मग विचार करा. रसात 'मी' सैल होतो आणि जाणकारीच्या तोऱ्यात 'मी' घट्ट होतो. तोरा मिरवणाऱ्याला कला फार चढली आहे असे आपण समजतो. खरे तर कला त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेलीच नसते. तो दारातच उभा आहे, आणि आत जाणाऱ्यांची तपासणी करतो आहे.

साहित्य, संगीत आणि कला यांच्याविना माणूस म्हणजे शेपूट-शिंगांविना पशू, या अर्थाचे भर्तृहरीचे सुभाषित आपण शाळेत पाठ केले. मी ते कितीदा भाषणात वापरले आहे. परंतु वापरताना प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर दुसरेच कोणीतरी होते. मला स्वतःला तो आरसा म्हणून कधी दिसलाच नाही.

मोठे कोण होते?

त्यागराजांच्याच जीवनात या तोऱ्यावर उत्तर आहे. परंपरा सांगते की तंजावरच्या सरफोजी महाराजांकडून त्यांना दरबारात येण्याचे निमंत्रण आले, भेटी आल्या, आणि त्यांनी ते नम्रपणे नाकारले. ते उंछवृत्तीने राहत. म्हणजे नाम गात गल्लीतून फिरायचे आणि घराघरांतून पडेल त्या मूठभर तांदळावर संसार चालवायचा. आपल्याकडे पहाटे वासुदेव येई, तसेच. आज ज्या संगीताला सर्वांत उच्च आसन दिले जाते आणि ज्याच्या सभेत पहिल्या रांगेसाठी चढाओढ असते, ते रस्त्यावर, अनवाणी, दारोदार गायले गेले होते. त्या वेळी एखाद्या ओट्यावर बसलेल्या रसिकाने "कोण हा भिक्षेकरी" म्हणून तोंड फिरवले नसेल कशावरून?

आपल्या सीमाभागातलीही एक आठवण आहे. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, महात्मा गांधी अध्यक्ष होते. तिथे एका लहान मुलीने स्वागतगीत गायले. ती म्हणजे पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका झालेल्या गंगूबाई हनगल. मोठेपणी त्यांनी सांगितले आहे की त्या दिवशी त्यांना चिंता गाण्याची नव्हती. आपल्या जातीमुळे आपल्याला जेवणानंतरच्या उष्ट्या पत्रावळी उचलायला सांगतील की काय, ही धास्ती होती. गाणारा पुरुष असेल तर तो पंडित किंवा उस्ताद होतो, बाई मात्र कितीही मोठी झाली तरी बाईच राहते, हेही त्या बोलून दाखवीत. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसे. पद्मविभूषणापर्यंतचे सन्मान मिळाले, तरी हुबळीच्या घरी येणाऱ्याला त्या साधेपणाने भेटत. २००९ साली त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान झाले.

नागरत्नम्मा किंवा गंगूबाई, आणि त्यांना दूर ठेवणारे. यांत सुसंस्कृत कोणाला म्हणावे, हे आपणच ठरवा.

मग पारख सोडायची का?

इथे एक शंका येईल, आणि ती योग्य आहे. सूर चढला तर चढला म्हणायचे नाही का? रियाज करणारा आणि न करणारा सारखेच का? सगळे गोड मानून घेणे हीच संस्कृती का?

नाही. पारख ही साधना आहे. वर्षानुवर्षे कान तयार करावा लागतो, तेव्हा दोन स्वरांमधले अंतर कळते. ते कळणे म्हणजे ईश्वराची कृपाच समजा. प्रश्न एवढाच की पारख हाती आल्यावर तिचे आपण काय करतो?

खानदेशातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या आपल्या बोलीत ओव्या रचत. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी. आईची गाणी त्यांनी आणि घरातल्या एका भावाने टिपून ठेवली होती. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी भीत भीत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अशिक्षित आईची, खेडवळ बोलीतली गाणी. शहरातले साहित्यिक हसतील, ही भीती. अत्र्यांनी ती वाचली आणि हे धन महाराष्ट्रापासून लपवून ठेवता येणार नाही, असा आग्रह धरला. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. पुढच्या पिढ्यांनी ती शाळेत पाठ केली.

अत्रे कठोर टीकाकार म्हणून प्रसिद्ध होते. त्यांची पारख धारदार होती. त्या पारखीने त्यांनी इथे एका शेतकरी बाईसाठी दार उघडले. तीच पारख माझ्या हाती आषाढीला आली, तेव्हा मी दार लावले.

साधकांचा तोरा

कलेच्या जगातला तोरा आपल्याला लगेच दिसतो, त्यावर आपण हसतोही. आपल्यातला साधकाचा तोरा मात्र सात्त्विकतेचे वस्त्र नेसून येतो, म्हणून ओळखू येत नाही.

बोम्मसंद्र्यापासून थोड्याच अंतरावर हुस्कूर आहे. तिथल्या मद्दूरम्मा देवीच्या जत्रेला आसपासच्या गावांतून उंचच उंच रथ ओढत आणतात. बैल, आता ट्रॅक्टरही, आणि शेकडो माणसांचे हात. ते रथ सजवणाऱ्यांना कोणी कलावंत म्हणत नाही. आमच्या सत्संगात एकदा विषय निघाला, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "तो सगळा गोंधळ आहे हो, त्यात ध्यान कुठे आहे?" आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली. दहा दहा माणसे एक दोर धरून, एका लयीत, एका हाकेला पाय उचलतात, त्यांच्या मनाची एकाग्रता आम्ही कधी जाऊन पाहिली होती?

आपण मौन पाळतो आणि बोलणाऱ्यांना उथळ समजतो. आपण भजनात चित्रपटाची चाल आली की कपाळाला आठी घालतो. आपल्याला ग्रंथ वाचता येतो, म्हणून पोथीला नुसते हळदकुंकू वाहणारीला आपण अज्ञानी समजतो. मान आणि दंभ हे दोघे इथेही आहेत, फक्त त्यांनी गंध लावले आहे.

पुन्हा दादांकडे

त्या रविवारनंतर मी दादांचा पत्ता मिळवला. हेब्बगोडीच्या बाजूला, इथे ज्याला वठार म्हणतात तशा चाळीवजा वस्तीत त्यांची एक खोली आहे. संध्याकाळी गेले. दार उघडे होते. आत सहा-सात मुले दाटीने बसली होती. कोणी ओडिशाचे, कोणी बिहारचे, कोणी तामिळ, दोघी कन्नड. प्रत्येकाच्या हातात टाळ नव्हते. काहींच्या हातात स्टीलच्या वाट्या होत्या. दादा त्यांना लय शिकवत होते, आणि विठ्ठल हे नाव सात तऱ्हांनी उच्चारले जात होते.

"या की अक्का," ते उठले. "जागा करा रे. बसा. च्या टाकतो."

मी म्हटले, "दादा, मी माफी मागायला आले आहे."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवो अक्का, तुमचं काय चुकलं? माझा आवाज चढतोय, ते मला बी ठावं हाय. टाळ धरायला काय कमीपणा न्हाई. पर त्या दिवशी पोरगी संगं हुती. घरी जाताना तिनं इचारलं, बाबा, तुमी का न्हाई म्हटलं गाणं? मला काय सांगताच आलं न्हाई."

ती मुलगी कोपऱ्यात बसून माझ्याकडे पाहत होती.

साधकहो, माझ्या एका सभ्य वाक्याने एका मुलीच्या मनात आपल्या बापाच्या गाण्याविषयी शंका पेरली. तिने आपल्या घरची चाल, आपल्या घरची बोली लपवायला शिकावे, त्याची ती सुरुवात ठरू शकली असती. नागरत्नम्मांच्या वेळचे लोक वाईट होते आणि आपण चांगले आहोत, असे म्हणायला मला आता जीभ उचलत नाही.

दादा सत्संगात परत आले का, असे आपण विचाराल. नियमित येत नाहीत. रविवारी सकाळी त्यांच्याकडे मुलांचा वर्ग असतो. म्हणून महिन्यातून एका रविवारी मीच तिथे जाते. मागे बसते. आधाराचा षड्ज कसा धरून ठेवायचा ते मी त्यांना आणि मुलांना दाखवते. पावली खेळताना पाय कसा टाकायचा ते दादांची मुलगी मला दाखवते. माझा पाय अजून चुकतो, ती हसत नाही, पुन्हा करून दाखवते.

या आठवड्याचा अभ्यास

शेवटी आपल्यासाठी तीन छोट्या गोष्टी सुचवते. सात दिवस करून पाहा.

पहिली. या आठवड्यात कोणतीही कला पाहताना किंवा ऐकताना, मत बनवण्याआधी दोन मिनिटे थांबा. कलावंताचे नाव, घराणे, शिक्षण काही विचारू नका. फक्त ऐका, पाहा.

दुसरी. आपण ज्यांना अडाणी समजतो अशा एका व्यक्तीकडे जा. घरकामाला येणारी ताई असेल, सोसायटीचा पहारेकरी असेल, गावाकडची आजी असेल. त्यांना येत असलेले एक गाणे, एक ओवी, एक रांगोळी शिकवण्याची विनंती करा. आपण शिष्य म्हणून बसा. शिकवताना त्यांचा चेहरा पाहा.

तिसरी, आणि कठीण. आपण कोणाला तरी सभ्य शब्दांत मागे बसवले असेल. घरात सुनेला, कार्यालयात कनिष्ठाला, सत्संगात एखाद्या साधकाला. ते नाव आठवा. आठवले की उशीर करू नका. निरोप किंवा संदेश पाठवून भागवू नका, स्वतः जा.

रोज रात्री झोपण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा: आज मी जे सुंदर पाहिले, ऐकले, वाचले, त्याने माझ्या मनात दुसऱ्यासाठी जागा वाढली की कमी झाली? वाढली असेल तर त्या दिवशी आपल्यावर एक संस्कार झाला असे समजा. कमी झाली असेल तरी निराश होऊ नका. उद्या पुन्हा दिवस उगवणार आहे, आणि कुठेतरी, कोणीतरी, चढ्या आवाजात, मनापासून त्याचे नाव घेणार आहे. त्या वेळी आपण शेजारी बसून टाळ धरू या.

सर्वांच्या हृदयात वसणाऱ्या त्या परमात्म्याला वंदन.